पूर येण्याआधी दप्तर स्कॅन करून ठेवायचे असेल तर

सांगलीत धंदा करायचा म्हणजे कृष्णेचे पाणी हिशेबात धरावेच लागते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही कुणी विसरलेले नाही. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, गावभाग या भागांत तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांचे आणि कार्यालयांचे कागद त्या दिवसांत लगदा झाले. माल पुन्हा भरता येतो, टेबल-कपाटे पुन्हा करता येतात. सभासदाने सही केलेला अर्ज, शेतकऱ्याला दिलेल्या हिशोबपट्टीची स्थळप्रत, जागेचा जुना करार हे मात्र एकदा गेले की गेले.

पुरानंतर स्कॅनर घेणारी कार्यालये बरीच दिसतात. मशीन येते, काही आठवडे उत्साहाने कागद त्यात घातले जातात, आणि संगणकावर हजारो फायली जमतात. त्यांची नावे मशीननेच दिलेली असतात, त्यामुळे कुठल्या फाईलमध्ये काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते. ऑडिटरने एखादे व्हाउचर मागितले की दिवाणजी पुन्हा कपाटच उघडतात. हे इतक्या ठिकाणी घडते की मी स्पष्टच सांगतो: स्कॅनिंगच्या कामात मशीनचा वाटा लहान आहे. कागद लावणे, सूची करणे आणि तपासणे हेच खरे काम. म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

उदाहरणे मी मुख्यतः दोन ठिकाणांची घेतो: मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची अडत पेढी आणि गावातली पतसंस्था. पण कुपवाड एमआयडीसीतला कारखाना, सीएचे ऑफिस, शाळेचे कार्यालय, सगळीकडे पद्धत हीच लागू पडते.

आधी मोजा

स्कॅनरचे कोटेशन मागवण्याआधी फूटपट्टी घेऊन कपाटांपुढे उभे राहा. नव्या कागदाच्या ५०० पानांच्या रिमची जाडी सुमारे ५ सेंटीमीटर असते, म्हणजे एक फूट उंच गठ्ठ्यात ३ हजार कागद. जुने, दुमडलेले, पावत्या चिकटवलेले कागद फुगतात, तेव्हा तिथे फुटाला २ हजार धरा. पन्नास फूट दप्तर असेल तर लाखभर कागद आहेत असे समजा.

या आकड्यावरून वेळ काढता येतो. मिनिटाला २५ कागद ओढणारा स्कॅनर लाखभर कागद ४ हजार मिनिटांत, म्हणजे साधारण ६७ तासांत ओढेल. हा फक्त मशीनचा वेळ झाला. टाचण्या काढणे, घड्या उलगडणे, क्रम लावणे, नावे देणे आणि तपासणे याला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. मालकाला किंवा संचालक मंडळाला मुदत सांगायची असेल तर मशीनच्या वेगावरून कधीच सांगू नका. आपल्याच एका कपाटाचा एक फूट गठ्ठा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा आणि त्यावरून हिशेब मांडा.

काय स्कॅन करायचे, काय नाही

सगळे स्कॅन करू म्हणणारे कार्यालय बहुधा काहीच पुरे करत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी चालते: अ म्हणजे कायम ठेवायचे, ब म्हणजे तीस वर्षे, क म्हणजे काही वर्षे आणि ड म्हणजे वर्षभरात निकाली. खासगी कार्यालयाला हा नियम लागू नाही, पण कल्पना जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. चार रंगांच्या चिठ्ठ्या घ्या आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक लावत जा.

अ मध्ये येतील जागेची खरेदीखते, भागीदारीपत्र, पतसंस्थेचे उपविधी, सभासदांचा ‘आय’ नमुना (सभासदांची नोंदवही) आणि सभांची प्रोसिडिंग बुके. ब मध्ये कर्जप्रकरणे, लांब मुदतीचे करार, कर्मचाऱ्यांच्या फायली. क मध्ये बिले, व्हाउचर, हिशोबपट्ट्या, बँकेची पत्रे. ड मध्ये दरपत्रके, निमंत्रणे, चौकशीची पत्रे, दुबार झेरॉक्स.

क वर्गाची मुदत ठरवताना कायदा बघावा लागतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा हे ७२ महिने, यांतले जे उशिरा संपेल तोवर. कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि व्हाउचर ८ आर्थिक वर्षांची हवीत. तुमच्या धंद्याला आणखी काय लागू आहे ते आपल्या सीएला विचारून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

ड वर्ग स्कॅन करूच नका. दुबार प्रतीही नकोत. जुन्या दप्तरात एकाच पत्राच्या तीन-चार झेरॉक्स निघतात, त्यांतली सर्वांत स्पष्ट किंवा मूळ सहीची ठेवून बाकीच्या बाजूला काढा. एवढ्यानेच काम बरेच हलके होते.

क्रमही ठरवून घ्या. बहुतेकजण सर्वांत जुन्या गठ्ठ्यापासून सुरुवात करतात आणि मध्येच दमतात. मी उलटे सांगेन. आधी अ वर्ग पूर्ण, कारण तो परत मिळणार नाही. मग चालू आणि गेले आर्थिक वर्ष, कारण रोज तेच लागते. त्यानंतर एकेक वर्ष मागे जात राहा. एक अपवाद मात्र लगेच हातात घ्यायचा: थर्मल कागद. वजनकाट्याची पट्टी, कार्ड मशीनची स्लिप, पेट्रोल पंपाची पावती या कागदांवर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. उन्हाने, कपाटातल्या उकाड्याने, प्लॅस्टिकच्या पाकिटाने किंवा चिकटपट्टीने तो उडतो आणि वर्षा-दोन वर्षांत हातात कोरी पट्टी राहते. हळदीच्या वजनावरून वाद झाला तर त्या काटापट्टीशिवाय तुमच्याकडे काही नसेल. म्हणून अशा सगळ्या पट्ट्या ज्या दिवशी येतील त्याच दिवशी स्कॅन व्हायला हव्यात.

कागद तयार करणे

हे काम कुणाला आवडत नाही आणि त्यामुळेच ते घाईत उरकले जाते. एक लांब टेबल, चांगला उजेड आणि एक बसून काम करणारा माणूस एवढे लागते. पंखा बंद.

फाईलचा टॅग सोडा, कागद सुटे करा. स्टेपलच्या पिना पिन-रिमूव्हरने काढा. नखाने किंवा चाकूने काढल्या तर कोपरा फाटतो आणि तोच कोपरा पुढे रोलरमध्ये अडकतो. गंजलेली टाचणी आधी सैल करा, मग सरळ बाहेर ओढा. पिन एकही राहता कामा नये, कारण ती मशीनच्या काचेवर ओरखडा पाडते आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ होऊन उतरतो.

मुडपलेले कोपरे उलगडा. लहान पावत्या ए४ कागदावर चिकटवलेल्या असतील तर त्या उचकटू नका, तो कागद सपाट काचेच्या स्कॅनरवर घ्या. नुसत्या सुट्या पावत्या असतील तर पारदर्शक कॅरिअर शीटमध्ये घालून ओढता येतात. फाटलेला कागद मागच्या बाजूने साध्या पातळ कागदाच्या पट्टीने आणि खळीने जोडा. सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे घेऊन जातो.

मग पृष्ठक्रमांक. प्रत्येक फाईलच्या पानांवर उजव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने किंवा नंबरिंगच्या शिक्क्याने क्रमांक घाला आणि शेवटचा क्रमांक फाईलच्या कव्हरवर लिहा. हे काम वगळावेसे वाटते. वगळू नका. स्कॅन झाल्यावर एखादे पान सुटले का हे कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

दोन फायलींच्या मध्ये विभाजक पान ठेवा. नॅप्स२ सारखे मोफत स्कॅनिंग सॉफ्टवेअर ‘पॅच-टी’ नावाचे पट्ट्यांचे छापील पान ओळखते आणि तिथे आपोआप नवी फाईल सुरू करते. शंभर व्हाउचर एकदम लावून शंभर वेगळ्या फायली मिळतात. ही पाने छापून ठेवली की पुन्हा पुन्हा वापरता येतात.

बांधलेल्या वह्या, म्हणजे जुनी खतावणी, रोजमेळ, प्रोसिडिंग बुक, यांची शिवण उसवू नका. शिवलेल्या वहीला पुरावा म्हणून जे वजन असते ते सुट्या पानांना नसते. त्या सपाट काचेवर किंवा वरून फोटो घेणाऱ्या पुस्तक-स्कॅनरवर घ्यायच्या.

मशीन

साध्या कार्यालयाला दोन बाजू एकदम ओढणारा, फीडर (गठ्ठ्यातून एकेक कागद आपोआप ओढणारा भाग) असलेला स्कॅनर आणि एक सपाट काचेचा स्कॅनर एवढे पुरते. दोन्ही एकाच मशीनमध्ये असलेलेही मिळतात. घेताना एकच गोष्ट आग्रहाने मागा: दोन कागद एकदम ओढले गेले तर अल्ट्रासॉनिक सेन्सरने थांबणारे मशीन. पावसाळ्यात सांगलीतले कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, आणि हा सेन्सर नसेल तर खालचे पान कधी गेले ते कळत नाही. रोलर आणि सेपरेशन पॅड हे झिजणारे भाग आहेत, ते इथे मिळतात का हे विक्रेत्याला आधी विचारा.

मोबाइलचे स्कॅन अ‍ॅप सौद्याच्या ठिकाणी काटापट्टी टिपायला उत्तम. पण दप्तर स्कॅन करायला ते वापरू नका. कडा वाकड्या येतात, सावल्या पडतात, आणि कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये ग्राहकांचे कागद साठत जातात.

सेटिंग

इथे चुकले तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून जरा सावकाश वाचा.

रिझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० बिंदू, ठेवा. २०० ला फाईल लहान होते, पण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांच्या बारीक गाठी तुटतात आणि पुढे ओसीआर, म्हणजे संगणकाने अक्षरे ओळखणे, अडखळते. जुने नकाशे, बारीक छपाई, फिकट पेन्सिल यांना ६०० लावा. त्यापुढे जाण्याची कार्यालयीन कागदाला गरज नाही.

रंगाचे तीन पर्याय असतात. ३०० डीपीआयला ए४ पानाचे चित्र २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते. नुसते काळे-पांढरे घेतले तर दाबण्याआधी, म्हणजे कॉम्प्रेस करून फाईल लहान करण्याआधी, ते सुमारे १ एमबी, करड्या छटांत सुमारे ८.७ एमबी आणि रंगीत घेतले तर २६ एमबी. दाबल्यावर काळे-पांढरे पान ५० केबीच्या आसपास येते, रंगीत पान काही शे केबी. लाख पाने काळी-पांढरी घेतली तर ५ जीबी. पान ३०० केबीचे धरून सगळी रंगीत घेतली तरी ३० जीबी. आजच्या डिस्कवर हे काहीच नाही. म्हणून जागा वाचवायला काळे-पांढरे घ्यायचे दिवस गेले, असे माझे मत आहे. लेझर प्रिंटरची स्वच्छ काळी पाने काळी-पांढरी घ्या. सही-शिक्क्याचा प्रत्येक कागद रंगीत घ्या. निळ्या शाईची सही आणि जांभळा शिक्का रंगीत असेल तर मूळ प्रतीवरून स्कॅन झाले हे दिसते. कार्बनच्या गुलाबी-पिवळ्या प्रती करड्या छटांत किंवा रंगीत घ्या. त्या काळ्या-पांढऱ्यात घेतल्या की एक तर अक्षर उडते, नाहीतर सगळे पान काळवंडते.

दोन्ही बाजू नेहमी चालू ठेवा. हुंडी, चेक, पावती यांच्या मागे सही, शेरा किंवा आकडेमोड असतेच. कोरी बाजू आपोआप वगळण्याची सोय वापरायची तर तिची तीव्रता कमी ठेवा. जास्त ठेवली तर मागच्या बाजूची फिकट सही किंवा अर्धा उठलेला शिक्का ती कोरा समजून टाकून देते. वाकडे पान सरळ करण्याची सोय चालू असू द्या. कडा आपोआप कापण्याची सोय मी बंद ठेवतो, कारण समासात लिहिलेले शेरे तिच्यात जातात.

आता दाबण्याच्या पद्धतीबद्दल एक इशारा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही मशीन स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ येत होता. कारण होते जेबीआयजी२ ही दाबण्याची पद्धत: सारखी दिसणारी अक्षरे ती एकच समजते आणि एकाचे चित्र दुसऱ्या ठिकाणी वापरते. पान अगदी स्वच्छ दिसते आणि रक्कम चुकीची असते. अस्पष्ट पान निदान संशय तरी आणते. हे आणत नाही. कंपनीने नंतर सुधारणा दिल्या, पण जेबीआयजी२ इतरही सॉफ्टवेअरमध्ये असते. सेटिंगमध्ये तिचा ‘लॉसी’ (मूळ चित्रातले काही गाळणारा) प्रकार दिसला तर बंद करा. काळ्या-पांढऱ्यासाठी ‘ग्रुप ४’ निवडा, त्यात एकही बिंदू बदलत नाही.

फाईलचा प्रकार पीडीएफ/ए निवडा. आयएसओ १९००५ हे त्याचे मानक २००५ पासून आहे. फाँट वगैरे सगळे फाईलच्या आतच असते, त्यामुळे वीस वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडली तरी ती तशीच दिसेल, हा त्याचा उद्देश. पासवर्ड फाईललाच लावू नका, या प्रकारात तो चालत नाही. संरक्षण फोल्डरला आणि डिस्कला लावा.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एक कोरा पांढरा कागद ओढून बघा. उभी रेघ दिसली तर फीडरखालच्या अरुंद काचपट्टीवर धुळीचा कण बसला आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओला केलेला मऊ कपडा त्या पट्टीवरून आणि रोलरवरून फिरवा. सपाट मोठी काच पुसत बसलात तर रेघ जाणार नाही, कारण फीडरचा कागद त्या काचेवरून जातच नाही.

ओसीआर: मराठी किती वाचता येते

ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून शोधता येईल असा मजकूर त्या पानामागे बसवणे. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर मराठीही वाचते आणि नॅप्स२ मध्ये ते जोडता येते. भाषा निवडताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडा, कारण आपल्या बिलांत दोन्ही मिसळलेल्या असतात.

छापील, स्वच्छ मराठी बऱ्यापैकी वाचली जाते. टंकलिखित जुनी पत्रे निम्मी-शिम्मी. हस्ताक्षराच्या बाबतीत भरवसा ठेवू नका, आणि मोडीच्या बाबतीत तर विचारही नको. जुन्या पेढ्यांत आणि संस्थानकाळच्या घरांत मोडी कागद निघतात. ते उत्तम प्रतीने स्कॅन करा, मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून प्रत्येकाचा एका ओळीचा सारांश देवनागरीत लिहून घ्या आणि तो सूचीत घाला.

आकड्यांसाठी ओसीआरवर विसंबू नका. ५ आणि ४, १ आणि ९ यांची गल्लत होते. ओसीआर कागद शोधायला वापरा, रक्कम मात्र चित्रातूनच वाचा.

जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या फायलींबद्दल एक उपयोगी गोष्ट. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात, म्हणून ‘ठराव’ शोधले तर काही सापडत नाही. अशा फाईलच्या पानांचे चित्र करून त्यावर मराठी ओसीआर चालवले की खरा युनिकोड मजकूर मिळतो. पतसंस्थांच्या वीस वर्षांच्या ठरावांना ही युक्ती लागू पडते.

नाव आणि सूची

फाईलचे नाव असे असावे की फाईल न उघडता कागद कळावा. मी हा साचा वापरायला सांगतो: तारीख, प्रकार, क्रमांक, पक्षाचे नाव. उदाहरणार्थ ‘२०२३-०४-१८_हिशोबपट्टी_१४३२_तासगाव’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असे लिहिले की संगणक आपोआप तारखेच्या क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. महिना आणि दिवस दोन अंकीच हवा.

अंक मराठी की इंग्रजी, हे एकदाच ठरवा. आपल्याला दोन्ही पाच सारखेच, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे आहेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल क्रमांक इंग्रजी अंकांत असतील तर फाईलनावातही तेच ठेवा, म्हणजे तिथून उचलून इथे शोधता येईल. प्रकारांची यादीही ठरलेली हवी. एकाने ‘हिशोबपट्टी’, दुसऱ्याने ‘हिशेब पट्टी’, तिसऱ्याने नुसते ‘पट्टी’ लिहिले की शोध फसला. दहा-बारा शब्दांची यादी छापून स्कॅनरशेजारी लावा आणि त्याबाहेरचा शब्द वापरू देऊ नका.

फोल्डर फार खोल करू नका. आर्थिक वर्ष, त्यात विभाग, त्यात फायली. तीन पातळ्या पुष्कळ झाल्या.

आणि सूची. साधे एक्सेल चालेल. प्रत्येक कागदाला एक ओळ: अनुक्रमांक, तारीख, प्रकार, कागदाचा क्रमांक, पक्ष, गाव, रक्कम, पाने, फाईलचे नाव, मूळ कागद कुठल्या पेटीत, किती साली निकाली काढायचा, कुणी स्कॅन केले, कुणी तपासले. हस्तलिखित कागदांसाठी ही ओळ म्हणजेच शोध. ओसीआर तिथे काही देणार नाही. सूची स्कॅनिंग करतानाच भरायची. नंतर भरू म्हणून ठेवलेली सूची कधी भरली जात नाही.

मूळ कागदांच्या पेट्यांना क्रमांक द्या आणि तोच सूचीत घाला. पूर्वी दप्तर रुमालात बांधून प्रत्येक रुमालाला क्रमांक देत, त्यामागचा हेतू हाच होता.

तपासणी

ज्याने स्कॅन केले त्याने तपासू नये. दुसऱ्या माणसाने फाईलच्या कव्हरवरचा शेवटचा पृष्ठक्रमांक आणि पीडीएफची पाने जुळवायची. अ वर्गातले प्रत्येक पान पूर्ण आकारात उघडून बघायचे. क वर्गात दर दहा फायलींतली एक उघडली तरी चालेल, पण तीत चूक निघाली तर त्या दिवसाचा सगळा गठ्ठा तपासायचा. बघताना नजर कोपऱ्यांवर, शिक्क्यांवर आणि रकमेच्या आकड्यांवर असू द्या. तपासल्याशिवाय कागद पुन्हा बांधायचे नाहीत.

साठवण, आणि पाण्यापासून लांब

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी: हा नियम जगभर पाळला जातो. सांगलीत ‘दुसरी जागा’ नीट निवडावी लागते. दुकानाच्या संगणकात एक प्रत आणि गावभागातल्याच घरी हार्ड डिस्क, म्हणजे दोन्ही एकाच पाण्याखाली. एक प्रत कृष्णाकाठापासून लांब, विट्याला, जतला, कवठेमहांकाळला, शाखा किंवा नातेवाईक असतील तिथे ठेवा. डिस्कवर पूर्ण एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असे सांकेतिक कुलूप) लावा. तिसरी प्रत क्लाउडवर.

क्लाउडशी आपोआप जुळणारा फोल्डर म्हणजे बॅकअप असे समजू नका. इथे फाईल चुकून पुसली किंवा व्हायरसने कुलूपबंद केली की तोच बदल तिकडेही जातो. जुन्या आवृत्त्या ठेवणारी सोय चालू करा, आणि हार्ड डिस्कवरची प्रत एरवी संगणकाला न जोडता ठेवा.

दरवर्षी मृग लागण्याआधी, मे अखेरीस, एक काम ठरवून करा. लांबच्या डिस्कवरून वीस फायली दुसऱ्याच संगणकावर उघडा. उघडल्या तर ठीक. नाही उघडल्या तर पाऊस यायच्या आत दुरुस्तीला वेळ मिळतो.

पतसंस्थेत केवायसीचे कागद असतात. आधारची प्रत लागतेच तिथे शक्यतो शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार घ्या. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी सभासदाचे कागद कुणीही उघडावेत असे व्हायला नको. कर्जप्रकरणांचा फोल्डर फक्त कर्ज विभागाला, कर्मचाऱ्यांच्या फायली फक्त व्यवस्थापकाला, आणि प्रत्येकाला स्वतःचा लॉगिन.

मूळ कागदाचे काय करायचे

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ प्रमाणे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन करता येतो, मात्र तो पुढे उघडता आला पाहिजे, मूळ मजकूर जसाच्या तसा दिसला पाहिजे आणि तो कुठून, केव्हा आला हे कळले पाहिजे. सूचीतले रकाने भरलेले असले की हे आपोआप साधते.

न्यायालयात मात्र स्कॅन ही प्रतच ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या नमुन्यात फाईलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाईलमधून गणिताने काढलेली अंकाक्षरांची ओळ. फाईलमध्ये एक बिंदू बदलला तरी ती ओळ बदलते. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए-२५६ या प्रकारचा हॅश मोफत काढता येतो. अ आणि ब वर्गाच्या फायलींचे हॅश स्कॅन केल्याच दिवशी काढून सूचीत ठेवा.

खरेदीखत, मृत्युपत्र, वचनचिठ्ठी, मुद्रांकावरचे करार, शेअर सर्टिफिकेट, मूळ सहीची कर्जकागदपत्रे आणि शिवलेली पुस्तके स्कॅन झाली म्हणून कधीही नष्ट करू नका. ती वरच्या मजल्यावर, बंद प्लॅस्टिक पेटीत, जमिनीपासून आणि भिंतीपासून सुटी ठेवा. क वर्गाचे कागद मुदत संपल्यावरच, सीएची लेखी संमती घेऊन, यादी करून निकाली काढा. आणि ते रद्दीत घालू नका. कुणाच्या पॅन कार्डाची झेरॉक्स भडंगाच्या पुडीला लागलेली मी पाहिली आहे. तुकडे करणारे श्रेडर मशीन स्वस्त असते.

रोजचे नवे कागद

जुने दप्तर संपेपर्यंत नवे तसेच साठत राहिले तर काम कधीच संपणार नाही. आवक टपालावर शिक्का मारून आवक क्रमांक घातला की लगेच स्कॅन, मग संबंधिताकडे. पेढीवर सौदे उरकल्यावर, संध्याकाळी रोजमेळ मिटवताना, त्या दिवसाचे कागद ओढून सूची भरायची. ज्या दिवशीचे त्या दिवशी केले तर हे अर्ध्या तासाचे काम असते. ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्या आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण करेल तेही लिहा.

आणि कागद भिजलेच तर

स्कॅन पुरे होण्याआधीच पाणी आले, तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. ४८ तासांत बुरशी धरू लागते. ओला गठ्ठा उलगडू नका, पाने फाटतात. चिखल असेल तर गठ्ठा मिटलेलाच स्वच्छ पाण्यातून हलक्या हाताने काढा, पण शाईपेनाने लिहिलेले कागद पाण्यात घालू नका, ती शाई फुटते.

सगळे एकदम सुकवायला माणसे किंवा जागा नसेल तर छोटे गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी थांबते आणि तुम्हाला आठवडे मिळतात. जास्त दप्तर असेल तर आपल्याकडे तासगाव-सांगली भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. तिथे कागद गोठला नाही तरी नुसत्या गारव्यानेही बुरशीचा वेग मंदावतो. पावसाळ्याआधीच ओळखीच्या मालकाशी बोलून ठेवा.

सुकवताना थेट उन्हात टाकू नका आणि इस्त्री फिरवू नका. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घालून, तो भिजला की बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. बुरशी दिसलेला कागद हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला आणि तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने माती झाडून, सपाट काचेवर, रंगीत, ६०० डीपीआयला स्कॅन करा. असा कागद फीडरमध्ये कधीही घालू नका. सूचीच्या शेऱ्यात ‘पुरात भिजलेला’ असे लिहा, म्हणजे पुढे कुणाला डाग दिसले तर कारण कळेल.